मुंबईपासून लांब राहून सिनेमा शिकायचा, तर सुरुवात कुठून करायची?

परभणी, यवतमाळ, चिपळूण, करमाळा अशा ठिकाणी राहून सिनेमा शिकता येतो का? आता येतो. खिशातल्या फोनचा कॅमेरा पुरेसा चांगला आहे. संकलनासाठी, म्हणजे एडिटिंगसाठी, दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर चालते, आणि पटकथेवरची व्याख्यानं रात्रभर बघत बसलात तरी संपायची नाहीत. तरीही लांब राहिल्यामुळे काही गोष्टी हुकतात. त्या ओळखून भरून काढता आल्या, तर गाव सोडण्याची घाई करायची गरज पडत नाही.

पहिली म्हणजे, चालू सेटवर उभं राहून बघायला मिळत नाही. दुसरी म्हणजे, केलेलं काम बघून तोंडावर ‘हे जमलेलं नाही’ म्हणणारी, स्वतःही तेच काम करणारी माणसं आसपास नसतात. आणि तिसरी, तारखेचा धाक नसतो. माझ्या मते तिसरीनेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी अर्धवट पटकथा लिहून ठेवलेली माणसं ढिगाने भेटतात, पुरी केलेली फार थोडी. पुढच्या पायऱ्या या तीन उणिवा डोळ्यांसमोर ठेवून लावल्या आहेत, म्हणून त्यांचा क्रम नेहमीच्या पुस्तकी क्रमासारखा नाही.

पायरी पहिली: गोष्ट बाजूला ठेवा, एक काम टिपा

नवखा माणूस थेट अडीच तासांची कथा घेऊन बसतो. त्याऐवजी घरात किंवा गल्लीत रोज चालणारं एखादं काम निवडा. आईचं भाकरी करणं, गुऱ्हाळ, सायकलचं पंक्चर काढणं, मूर्तिकाराच्या शेडमधलं रंगकाम, काहीही चालेल. त्यावर तीन मिनिटांची फिल्म करा. संवाद नको, निवेदन नको, आणि पार्श्वसंगीत तर मुळीच नको. संगीत लावलं की वाईट संकलनही बरं वाटायला लागतं आणि शिकायचं राहून जातं.

भाकरीचंच घ्या. लांबून चूल आणि माणूस, जवळून परातीतलं पीठ, थापणारे हात, तव्यावर पाणी फिरवणारी बोटं, चेहरा, फुगलेली भाकरी, ताट. दहा-पंधरा शॉट पुरतात. ते घेऊन जोडायला बसा, म्हणजे व्याख्यानांत ऐकलेले शब्द पहिल्यांदा अंगाला लागतील. एका शॉटमध्ये हाताला पीठ आहे आणि पुढच्यात नाही, ही कंटिन्युइटीची चूक. चेहऱ्याच्या शॉटमध्ये आई डावीकडे बघते आणि चूल तर उजवीकडे, म्हणजे आई आणि चूल यांना जोडणाऱ्या कल्पित रेषेपलीकडे तुम्ही कॅमेरा नेलात. तवा तापण्याचे दोन शॉट कमी पडले म्हणून भाकरी उडी मारून भाजल्यासारखी दिसते. कोणते शॉट घ्यायला हवे होते हे शूटिंगच्या वेळी कळत नाही, जोडताना कळतं. म्हणून माझा आग्रह असतो की संकलन आधी शिका, कॅमेरा नंतर.

यात कमीपणाचं काही नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून तंत्र शिकून आणि कॅमेऱ्याची जुळवाजुळव करून परतले, तेव्हा त्यांनी थेट ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याची छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवलाचा मार्ग मोकळा केला.

फोनची मांडणी एकदा नीट करून घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे. त्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग सेकंदाचा १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे शटर भलतं असेल तर ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात, आणि स्वस्त एलईडी बल्बखाली तर हमखास. फोनमध्ये ३०चीच सोय असेल तरी चालेल, शटर मात्र १/५० किंवा १/१०० हवं. उजेड आणि फोकस लॉक करा, नाहीतर माणूस हलला की चित्र आपोआप उजळत-काळवंडत राहतं. एअरप्लेन मोड लावा. लेन्स सदऱ्याला नको, स्वच्छ सुती कपड्याने पुसा.

अशा तीन-चार फिल्म झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी दुसरी: तोंडपाठ असलेला सिनेमा वहीत उतरवा

पटकथा शिकायला पुस्तकांआधी ही कवायत करा. जो सिनेमा तुम्ही इतक्यांदा पाहिलाय की आता गोष्टीची उत्सुकता उरलेली नाही, तो निवडा. थांबवत थांबवत बघा आणि प्रत्येक दृश्याची एकच ओळ लिहा: कोण, कुठे, काय घडलं. शेजारी मिनिटाचा आकडा. पुरा सिनेमा उतरायला दोन-तीन संध्याकाळी जातात आणि वहीची काही पानं भरतात.

मग लाल पेनाने प्रत्येक ओळीपुढे लिहा की या दृश्याच्या सुरुवातीला परिस्थिती काय होती आणि शेवटी काय झाली. जिथे काहीच बदललेलं नाही, तिथे ते दृश्य का ठेवलं असेल याचा विचार करा. कधी ते विनोदासाठी असतं, कधी गाण्याची वाट करून देण्यासाठी, आणि कधी ते खरंच फालतू असतं. नावाजलेल्या सिनेमातही फालतू दृश्यं सापडतात, हे कळलं की भीड चेपते.

पायरी तिसरी: पाच मिनिटांची पटकथा

पहिल्या पटकथेला मी तीन बंधनं घालतो: दोन पात्रं, एक जागा, दिवसाचा उजेड. रात्रीचं दृश्य लिहायला सोपं आणि घ्यायला महाग. ‘पाऊस कोसळत असतो’ हे तीन शब्द तर लिहूच नका, टँकर कोण आणणार?

विषय आणि दृश्य यांत गल्लत होते तिथेच बहुतेक संहिता फसतात. ‘शेतकरी बापाला मुलीचं शिक्षण परवडत नाही’ हा विषय झाला. तो कॅमेऱ्यात येत नाही. कॅमेऱ्यात येतं ते असं काहीतरी:

दृश्य ३. बाहेर. बँकेची पायरी. दुपार.
दगडू, वय पन्नास, कांदा विकल्याची हिशेबपट्टी वाचतो. उलटून मागची बाजू बघतो. ती कोरी आहे. फोन वाजतो.
मुलीचा आवाज: पप्पा, भरली का फी?
दगडू पट्टीची घडी घालून टोपीत खोचतो.
दगडू: रांग लय मोठी हाय बाळा. उद्या बघू.
त्याच्या मागे काचेतून फी भरायची खिडकी दिसते. तिथे कुणीच नाही.

यात ‘गरिबी’, ‘हतबल’, ‘दुःखी’ असा एकही शब्द नाही. दगडूला काय वाटतं हे लिहिलेलं नाही, तो काय करतो तेवढंच आहे. तुमची संहिता पुरी झाली की हीच कात्री लावा. जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही, ते वाक्य खोडा. ‘त्याला जुने दिवस आठवतात’ हे वाक्य खोडलं की मग खरं काम सुरू होतं: आठवतात हे दाखवायचं कसं?

संवाद गावच्या बोलीत लिहा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी, जी कानावर पडत आलीय ती. टीव्हीवरची बोली उसनी घेतली की बाजार समितीतला माणूसही पुण्याच्या डेक्कनवरच्यासारखा बोलायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक वाक्याला ‘लय भारी’ चिकटवून तयार केलेली खोटी ग्रामीण भाषा. एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर बसून कान उघडे ठेवा. माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देत नाहीत, हे तिथे पहिल्या अर्ध्या तासात लक्षात येतं. हा कान तुम्हाला घरबसल्या मिळतोय, मुंबईतल्या लेखकाला तो मुद्दाम फिरून मिळवावा लागतो.

एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. तो इंग्रजी टाइपरायटरच्या ठरावीक अक्षरांवर आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत तो धरून चालू नका. संहिता मोठ्याने वाचा, कृतीच्या ओळींना जेवढा वेळ लागेल तेवढा थांबा, आणि स्टॉपवॉच लावा. लिहायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गुगल डॉक्समध्ये युनिकोड मराठी नीट बसते आणि फाइल हरवत नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेली संहिता दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठिकऱ्या उडून पोहोचते.

पायरी चौथी: माणसं गोळा करा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाची हीच आहे.

पाच ते आठ जणांचा गट करा. कुठे सापडतील? राज्य नाट्य स्पर्धेत नाटक बसवणारी हौशी संस्था, कॉलेजात एकांकिका करणारी मुलं, लग्नाचे व्हिडिओ काढणारा फोटोग्राफर, मंडपाला साऊंड पुरवणारा. या शेवटच्या दोघांकडे लोक नाकं मुरडतात. पण लग्नाचा व्हिडिओवाला दिवसभर न थांबता, रिटेक न मिळता, पाहुण्यांच्या गर्दीत शॉट घेतो. त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. नट हवे असतील तर गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मंडळींना झाडीपट्टी रंगभूमी हाताशी आहे. वडसा हे तिचं मोठं केंद्र, आणि तिथली नाटकं मुंबईला न विचारता तिकिटावर चालत आली आहेत. तळकोकणात दशावताराचे कलाकार आहेत. फक्त रंगमंचावरच्या नटाला कॅमेऱ्यापुढे आवाज आणि हात दोन्ही आवरायला सांगावं लागतं.

महिन्यातून एक दिवस ठरवून भेटा. वाचनालयाची खोली किंवा कुणाच्या घरची भिंत चालेल, शाळेचा प्रोजेक्टर मिळाला तर उत्तमच. नियम एकच: प्रत्येकाने काहीतरी पुरं करून आणायचं, एका पानाचं दृश्य असो की एका मिनिटाचं चित्रण. अर्धवट कामावर चर्चा नाही. तारखेचा धाक असा स्वतःवर लादून घ्यावा लागतो.

मत घेतानाही ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ओळखीचे लोक ‘छान’ म्हणतात आणि चहा मागवतात. फिल्म चालू असताना तुम्ही प्रेक्षकांच्या बाजूला बसून त्यांच्याकडे बघा. कोणत्या मिनिटाला कुणी मोबाइल काढला, ते लिहून ठेवा. संपल्यावर एकाला गोष्ट सांगायला लावा. त्याने सांगितलेली गोष्ट आणि तुमच्या डोक्यातली गोष्ट यांत जिथे फरक पडतो, तिथे संहितेत भोक आहे.

मालेगावचं उदाहरण यासाठीच देतो. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने व्हीसीआर जोडून संकलन शिकून घेतलं आणि २००० साली मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. ट्रॉलीऐवजी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी, असा तो सगळा जुगाड. त्याचं कौतुक होतं ते जुगाडाचं. मला मोठी वाटते ती त्या टोळीची चिकाटी आणि आपल्याच गावात मिळवलेला प्रेक्षक.

पायरी पाचवी: सेट बघून या

वर्षातून एखादा आठवडा यासाठी काढा. वाई, सातारा, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यात मालिका आणि चित्रपटांची शूटिंग चालू असतात. स्थानिक मदतनीस, गर्दीतला माणूस, गाडी चालवणारा, मिळेल त्या कामाने आत जा. हीरोकडे बघत बसू नका. दिग्दर्शकाचे सहायक काय लिहून घेतात, कंटिन्युइटी कशी ठेवतात, लाइटदादा खिडकीबाहेरून उजेड कसा आत मारतात, शॉट लागायला वेळ नेमका कशात जातो, ते बघा. पहिल्या दिवशी बहुतेकांना धक्का बसतो की इथे निम्मा वेळ वाट बघण्यात जातो.

कॉलेजसारखं शिकायचं असेल तर पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (एफटीआयआय) पूर्ण अभ्यासक्रमांखेरीज छोटे अभ्यासक्रमही घेते, काही पुण्याबाहेर तर काही ऑनलाइन. त्यांचा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून सिनेमा शिकणाऱ्यांसाठी फार उपयोगाचा आहे. कोल्हापुरातली कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ अशा संस्थांमुळे एरवी नजरेस न पडणारे सिनेमे मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात. खाजगी ‘ॲकॅडमी’ मात्र जपून. भरमसाट फी आणि वर ‘आमच्याच चित्रपटात संधी’ असं आमिष एकत्र आलं, की पाकीट खिशातच ठेवा.

पायरी सहावी: शूटिंगचा दिवस

आवाजाची काळजी चित्राच्या आधी. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात, संवाद कळले नाहीत की उठून जातात. फोनला जोडायचा साधा कॉलर माइक ही पहिली खरेदी असू द्या. आदल्या आठवड्यात, ज्या वेळी शूटिंग करायचंय त्याच वेळी जागेवर जाऊन डोळे मिटून बसा. पिठाची गिरणी कधी सुरू होते, भोंगा कधी वाजतो, विहिरीवरची मोटर किती वाजता चालू होते, शाळा कधी सुटते? पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायचा विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात संवादांमधली ठिगळं तिनेच झाकता येतात.

उजेडाला पैसे लागत नाहीत. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर बाहेर, मधल्या उन्हात ओसरीवर किंवा दाराजवळ. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असेल तर समोरून पांढरं काहीतरी धरा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स प्रत्येक गावात पडलेला असतो. पाठ पांढरी असेल तर त्याच्याइतका स्वस्त आणि मोठा बाउन्स, म्हणजे उजेड परतवणारा पडदा, दुसरा नाही.

परवानग्यांबाबत ‘कोण विचारतंय’ ही वृत्ती सोडा. खाजगी जागेसाठी मालकाचं एक ओळीचं लेखी पत्र, नटांची लेखी संमती. रेल्वे स्थानक किंवा एसटी स्टँडवर लेखी परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. मुलं घेणार असाल तर जास्तच दक्षता हवी. बालकलाकारांना काम देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, असे नियम आहेत.

खर्चाच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा जेवणाचा आणि पेट्रोलचा येतो. फुकट काम करणाऱ्या माणसाला उपाशी ठेवलंत तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि संध्याकाळी, कितीही दमलात तरी, चित्रण दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवल्याशिवाय फोन रिकामा करू नका.

पायरी सातवी: हक्क आणि दाखवणं

कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहून काढलेल्या मांडणीवर मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. तेव्हा ‘माझी आयडिया चोरतील’ म्हणून गप्प बसण्यापेक्षा ती लिहून काढा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की संहितेची नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते.

दुसऱ्याच्या कथेवर फिल्म करायची तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी लागते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याने हयातीत प्रकाशित केलेलं लेखन खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं असं लेखन २०११ पासून खुलं आहे. सिनेमाची गाणी मात्र पार्श्वभूमीलाही वाजवू नका. आत्याच्या ओव्या तिच्या संमतीने स्वतः रेकॉर्ड करा, त्यात कसलीच अडचण नाही आणि ऐकायलाही त्या जास्त चांगल्या लागतात.

पहिला प्रयोग गावातच लावा. त्यानंतर महोत्सव. पुण्याचा पिफ, छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ, माहितीपट-लघुपटांसाठी मुंबईचा मिफ यांची नियमावली वाचून पाठवा. दर महिन्याला शेकडो पारितोषिकं वाटणारे आणि प्रवेशशुल्कावर जगणारे ऑनलाइन ‘आंतरराष्ट्रीय’ महोत्सवही आहेत. मागच्या वर्षी तिथल्या फिल्म कुठल्या पडद्यावर, कुणापुढे दाखवल्या, याचं उत्तर सापडत नसेल तर पैसे भरू नका.

लघुपटाला कमी लेखू नये. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ नगरला शिकत असतानाचा, आणि त्याला २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ त्यानंतरचा, २०१३चा. तिकडे आसाममध्ये रीमा दास यांनी आपल्याच छायगावात, गावातली मुलं घेऊन, स्वतः लिहून, कॅमेरा चालवून आणि संकलन करून ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. २०१८ मध्ये तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला.

मग मुंबई केव्हा?

दोन-तीन पुरे लघुपट आणि एक पुन्हा पुन्हा लिहून घासलेली मोठी पटकथा हातात असेल तेव्हा. नुसती इच्छा घेऊन गेलात तर भाड्यापुरतं काम शोधण्यातच पहिली दोन वर्षं जातात. आणि हल्ली बरीच दारं लांबूनही ठोठावता येतात. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची (एनएफडीसी) पटकथा लेखकांसाठीची कार्यशाळा निवडलेल्या संहितेवर जाणत्या मार्गदर्शकांबरोबर काम करून घेते, तिथे अर्ज करायला अंधेरीत राहावं लागत नाही. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला प्रतिनिधी म्हणून जाता येतं, आणि तिथे चहाच्या रांगेत उभा असलेला माणूस सहायक दिग्दर्शक असण्याची शक्यता बरीच.

कुणाला मेल करायचा तर नटाला किंवा मोठ्या निर्मात्याला नको. ज्या छोट्या सिनेमाचं काम आवडलं, त्याच्या श्रेयनामावलीतल्या सहायकांना किंवा लेखकाला लिहा. पाच-सहा ओळी पुरेत: तुम्ही कोण, कुठले, त्यांच्या कामातलं नेमकं काय आवडलं, आणि तुमच्या एका लघुपटाची लिंक, सर्वांत चांगल्या लघुपटाची, सगळ्यांची नाही. संहिता मागितली तरच पाठवा, पीडीएफ करून. फाइलचं नाव ‘फायनल फायनल नवीन ३’ असं नको. स्वतःचं आडनाव, पटकथेचं नाव आणि तारीख, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी शोधली तरी सापडेल.